नळातला फुगवटा आणि फायलीतला अहवाल

सांगलीच्या माणसाला ‘फुगवटा’ या शब्दाचा अर्थ शिकवावा लागत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षी कृष्णेने तो घराघरांत शिरून शिकविला आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळील पातळी ४५ फुटांची धोक्याची रेषा ओलांडून ५७ फुटांच्या वर गेली. त्या दिवसांत कित्येक वस्त्यांत पाणी काठावरून आले नाही. ते नाल्यांतून आणि गटारांतून उलटे चढत आले. जे पाणी शहराकडून नदीकडे जावयाचे, ते नदीकडून शहराकडे वळले. अलमट्टीची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याच्या कर्नाटकाच्या बेताविरुद्ध कृष्णाकाठी सभा झाल्या, ठराव झाले, परिषदा भरल्या. तो वाद महत्त्वाचा आहे आणि तो चालू राहिला पाहिजे. परंतु दुसराही एक फुगवटा आहे. त्याला पूर लागत नाही, धरण लागत नाही, शेजारचे राज्यही लागत नाही. सांगली-मिरजेच्या आणि सातारा-कऱ्हाडच्या गल्लीबोळांत, जमिनीखाली दोन-तीन फुटांवर, नळाची वेळ संपली की तो निर्माण होतो. त्याबद्दल मात्र कोठेही ठराव झाल्याचे ऐकिवात नाही.

नळातले पाणी एकाच दिशेने वाहते, ही समजूत नळात दाब असेपर्यंतच खरी असते. दिवसाला तास-दोन तास, उन्हाळ्यात दिवसाआड पाणी सोडावयाचे आणि मग व्हॉल्व्ह बंद करावयाचा, ही आपल्याकडील पुरवठ्याची रूढ पद्धत. व्हॉल्व्ह बंद झाला की सखल भागातील तोट्या उरलेले पाणी ओढून घेतात आणि वरच्या भागातील वाहिनीत पोकळी तयार होते. पोकळी स्वस्थ बसत नाही. ती मिळेल तेथून भर घालून घेते. पिंपात बुडलेल्या रबरी नळीतून पिंपातले पाणी मागे खेचले जाते. गटाराच्या कडेने किंवा गटारातूनच गेलेल्या गंजक्या जोडांतून गटाराचे पाणी आत शिरते. तिसरी वाट उलट्या जातीची आहे. एखाद्या लॉजने, रुग्णालयाने वा कारखान्याने आपल्या बोअरची वाहिनी पालिकेच्या वाहिनीला जोडलेली असते आणि मध्ये चालू स्थितीतील झडप नसते. तेथे बोअरच्या पंपाचा जोर पालिकेच्या दाबाला मागे रेटतो आणि त्या इमारतीतले पाणी रस्त्यावरच्या वाहिनीत येते. दुसऱ्या दिवशी नळ सुटला की हा सारा ऐवज पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत घरोघरी पोहोचतो. शुद्धीकरण केंद्रातून पाणी कितीही निर्मळ निघाले असो, या वाटेवर त्याची निर्मळता टिकेल याची हमी कोणीही देऊ शकत नाही.

या उलटप्रवाहाची किंमत जगाने पूर्वीच मोजली आहे. १९३३ साली शिकागो शहरात जागतिक प्रदर्शन भरले होते. तेथील दोन बड्या हॉटेलांत सांडपाण्याच्या आणि पिण्याच्या पाण्याच्या वाहिन्यांचा सदोष संबंध आला, अमांशाची साथ पसरली, सुमारे १४०० माणसे आजारी पडली आणि ९८ दगावली. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेच्या पात्रातील बदलामुळे नजफगड नाल्याचे घाण पाणी मागे सरकून वजीराबादच्या उपसा केंद्रापर्यंत पोहोचले. काविळीचे सुमारे २९००० रुग्ण झाले. दिल्ली दूर वाटत असेल तर घराकडे पाहावे. शहराचे सांडपाणी आणणारा शेरीनाला सांगलीतच कृष्णेला मिळतो. ते सांडपाणी उचलून धुळगावकडे शेतीला देण्याची योजना आखावी लागली, यातच धोक्याची कबुली आहे. २०१२ साली शेजारच्या इचलकरंजीत काविळीने बळी घेतले. २०१४ च्या अखेरीस मिरजेत गॅस्ट्रोच्या साथीत माणसे दगावली आणि पिण्याच्या वाहिनीत सांडपाणी मिसळल्याचा संशय त्याच वेळी उघडपणे व्यक्त झाला. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गीयाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे अनेक संशयित रुग्ण आढळले आणि बोट पुन्हा दूषित पाण्याकडेच गेले. ज्या मिरजेत १८९४ पासून वॉन्लेस रुग्णालय उभे आहे, जेथे दूरदूरचे रुग्ण बरे होण्यासाठी येतात, त्या गावाच्या रहिवाशांनी नळाच्या पाण्याने आजारी पडावे, ही गोष्ट केवळ दैवदुर्विलास म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

अहवाल कोणी कोणाला द्यावयाचा?

शिकागोसारख्या अनुभवांतून अमेरिकेतील पाणीसंस्थांनी एक साधी शिस्त घालून घेतली. रुग्णालय, हॉटेल, कारखाना, मोठी इमारत अशा जोडणीवर उलटप्रवाह रोखणारे साधन बसवावयाचे. नुसती झडप बसवून भागत नाही, कारण झडप गंजते, तिच्यात कचरा अडकतो आणि ती उघडीच राहते. म्हणून तपासणीच्या तोट्या असलेले साधन लावावयाचे, बहुतेक ठिकाणी दरवर्षी परवानाधारक तपासनिसाकडून ते तपासून घ्यावयाचे आणि त्याचा अहवाल स्थानिक पाणीपुरवठा संस्थेकडे दाखल करावयाचा. अहवाल आला नाही तर प्रथम नोटीस आणि मग पाणी बंद. या शिस्तीमागील तत्त्व ध्यानात घेण्यासारखे आहे. एका मालकाच्या हद्दीतील दोष साऱ्या गल्लीला बाधतो, म्हणून तो त्या मालकाचा खाजगी प्रश्न राहत नाही. अर्थशास्त्र ज्याला बाह्य परिणाम म्हणते, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

महाराष्ट्रात याचे काय? नळ आणि सांडपाणी यांचा संबंध येऊ नये, टाकीत पडणारी तोटी पाण्याच्या पातळीच्या वर असावी, हे राष्ट्रीय इमारत संहितेत आणि भारतीय मानकांत लिहिलेले आहे. बांधकामाच्या वेळी कागदपत्रे जोडली जातात, भोगवटा प्रमाणपत्र मिळते, आणि तेथे विषय संपतो. दहा वर्षांनी ती झडप चालते की गंजून उघडी पडली आहे, मध्यंतरी बोअरची वाहिनी कोणी कोठे जोडली, हे पाहण्याची नियमित व्यवस्था आपल्या शहरांत रुजलेली नाही. दाखल करावयाचा अहवालच अस्तित्वात नसेल, तर तो दाखल झाला की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. नोकरशाहीला यापेक्षा सोयीची स्थिती कोणती?

तथापि, फक्त खाजगी मालकांच्या अहवालांची मागणी करून थांबणे म्हणजे अर्धेच सत्य सांगणे होय. अमेरिकेतील पाणीसंस्था नळात अहोरात्र दाब ठेवते. म्हणून तेथे उलटप्रवाह हा अपवाद ठरतो आणि अपवाद घडविणाऱ्यास जाब विचारता येतो. आपल्याकडे रोज व्हॉल्व्ह बंद करून खुद्द पाणीसंस्थाच उलटप्रवाहाची परिस्थिती निर्माण करते. येथे पहिला अहवाल नागरिकाने पालिकेला द्यावयाचा नसून पालिकेने नागरिकाला द्यावयाचा आहे.

असे अहवाल तयारच होत नाहीत असे नाही. ते होतात, आणि पुष्कळ होतात. गावोगावचा जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो आणि ओटी चाचणीने क्लोरीन पाहतो. पाण्याचे नमुने प्रयोगशाळांत जातात. ग्रामपंचायतींना जोखमीनुसार लाल, पिवळे आणि हिरवे कार्ड मिळते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने गावातील पाच-पाच महिलांना तपासणी संचाचे शिक्षण देण्याचे ठरविले आणि निकाल संगणकावर चढविण्याची सोय केली. हे सारे चांगलेच आहे. पण या कागदाचा प्रवास पाहावा. तो गावाकडून तालुक्याला, तालुक्याकडून जिल्ह्याला आणि जिल्ह्याकडून मुंबईला जातो. पाणी वरून खाली येते, अहवाल खालून वर जातो. दोघांची वाटेत गाठ पडत नाही. ज्या बाईने आज सकाळी त्या नळाचा हंडा भरला, तिला त्या पाण्याबद्दल कोणी काही सांगत नाही. सातारा शहरात तर काही भागाला नगरपालिका पाणी देते आणि काही भागाला जीवन प्राधिकरण. आपला नळ कोणाचा आणि त्याची तपासणी कोण करतो, हे ज्या नागरिकास ठाऊक नाही त्याने विचारावे तरी कोणास?

शिवाय नमुना कोठून घेतला आणि केव्हा घेतला, हा खरा कळीचा प्रश्न आहे. टाकीच्या पायथ्याशी, नळ सुटून तासभर झाल्यावर घेतलेला नमुना बहुधा निर्दोष निघेल. वाहिनीच्या शेवटच्या टोकाला, पहिल्या पाच मिनिटांत घेतलेला नमुना काय सांगेल? बहुतेक गावांत त्या शेवटच्या टोकाला कोणाची वस्ती असते, हे या पानाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्याला स्पर्श करण्याचा हक्क बजावला. जवळजवळ शंभर वर्षांनंतर तळे सर्वांना खुले आहे आणि नळही सर्वांना आहे; पण दाब सर्वांना सारखा नाही. जेथे दाब कमी तेथे घाण अधिक, हा जलशास्त्राचा नियम आहे. कोणाच्या वाट्याला दाब कमी यावा, हे मात्र जलशास्त्र ठरवीत नाही.

मोटारीवर खापर

अधिकाऱ्यांचे पहिले उत्तर ठरलेले असते: ‘लोक नळाला मोटारी लावतात, म्हणून पाणी दूषित होते.’ हे म्हणणे खोटे नाही, आणि ते खोटे आहे असे पक्षाच्या कार्यकर्त्यांनीही सांगू नये. नळाला थेट जोडलेली मोटार वाहिनीत ओढ निर्माण करते आणि आपल्याबरोबर शेजाऱ्याच्याही नळात गटार आणते. परंतु मोटार हे कारण आहे की परिणाम? तास-दीड तास, तोही करंगळीएवढ्या धारेने पाणी मिळत असेल तर दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाने काय करावे? एकाने मोटार लावली की दुसऱ्याची धार बारीक होते; मग दुसरा लावतो, तिसरा लावतो. मोटार काढून घ्यावी असे प्रत्येकाला मनातून वाटते, पण पहिल्याने काढावी असे कोणालाच परवडत नाही. हा व्यक्तीच्या नीतीचा प्रश्न नसून व्यवस्थेच्या रचनेचा प्रश्न आहे. दर उन्हाळ्यात मोटारी जप्त करण्याची मोहीम काढणारी पालिका वस्तुतः आपल्याच अपयशाची जप्ती करीत असते.

या अपयशाचा खर्च पालिकेच्या अंदाजपत्रकात दिसत नाही, हीच त्याची मोठी सोय आहे. जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी, मोटार, तिची वीज, स्वयंपाकघरातील फिल्टर, दारात येणारा वीस लिटरचा जार: मध्यमवर्गीय कुटुंब आपल्यापुरते एक छोटे पाणीपुरवठा खातेच चालवीत असते. तो खर्च झाला की त्याची तक्रार संपते आणि सार्वजनिक नळाच्या बाजूने बोलणारा एक शिकलेला आवाज कमी होतो. ज्याला टाकी नाही, फिल्टर नाही, त्या हमालाने, विडीकामगार बाईने, ऊसतोडीला गेलेल्या मजुराने हा खर्च वेगळ्या नाण्यात फेडावयाचा असतो. बुडालेल्या मजुरीत, सलाईनच्या बाटलीत आणि कधी पोटच्या मुलाच्या जिवात. पालिकेचा हिशेब जुळतो, कारण तूट घराघरांतून वाटून दिलेली असते.

कायद्यानेही हाच भेद पत्करला आहे. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस १०५००, सांगते की १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतील जिवाणू मुळीच आढळता कामा नये. मानक उत्तम आहे. परंतु नळाने पाणी देणाऱ्या संस्थेवर त्याचे पालन न केल्याबद्दल शिक्षेचे बंधन नाही. तेच पाणी बाटलीत भरून विकावयाचे ठरविले की ते २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये ‘अन्न’ ठरते, परवाना लागतो, तपासणी लागते, आणि नमुना नापास झाला तर विक्रेत्यावर कारवाई होऊ शकते. म्हणजे पाण्याचा दर्जा बाजारात कायदा असतो आणि नळात शिफारस. विकत घेणारा ग्राहक संरक्षणास पात्र, आणि कर भरणारा नागरिक केवळ सदिच्छेस पात्र! ज्या व्यवस्थेत हक्क हा खरेदीच्या पावतीबरोबरच मिळतो, तिला कोणत्या वादाचे नाव द्यावे हे वाचकांनीच ठरवावे.

दुसरे उत्तर असे: ‘अहवाल जाहीर केले तर घबराट पसरेल.’ या युक्तिवादाचे पर्यवसान कशात होते याचा धडा अमेरिकेतीलच फ्लिंट या कामगारवस्तीच्या शहराने दिला आहे. तेथे निवडून आलेल्या नगरमंडळाचे अधिकार काढून घेऊन राज्य सरकारने आणीबाणीचा व्यवस्थापक नेमला होता. २०१४ च्या एप्रिलमध्ये काटकसरीसाठी शहराचा पाणीपुरवठा फ्लिंट नदीवर वळविण्यात आला आणि वाहिन्यांची झीज रोखणारे रसायन घालण्यात आले नाही. शिसे पाण्यात उतरू लागले. लोक गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना आले. अधिकारी अहवाल दाखवून पाणी सुरक्षित असल्याचे सांगत राहिले. पुढे उघड झाले की २०१५ च्या तपासणीतून दोन नमुने वगळण्यात आले होते आणि त्यामुळेच सरासरीसारखा काढलेला आकडा मर्यादेच्या आत बसला होता. नमुने होते, अहवाल होते, ते दाखल करण्याची शिस्तही होती. नव्हती ती एकच गोष्ट: अहवाल तपासून पाहण्याचा लोकांचा अधिकार. घबराट माहितीने पसरत नाही. माहिती दडविल्याचे उघडकीस आले म्हणजे पसरते.

महाराष्ट्रातील बहुतेक महापालिका आणि नगरपालिका २०२२-२३ पासून दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिल्या. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची मुदतही २०२३ मध्ये संपली होती. त्या काळात पाण्याचा अहवाल प्रशासकाने तयार केला, प्रशासकाने तपासला आणि प्रशासकाकडेच दाखल झाला. पाणीपुरवठा हा १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरसंस्थांकडे सोपविलेला विषय आहे. निवडणुका लांबविणे हा केवळ राजकीय पक्षांच्या गैरसोयीचा प्रश्न नव्हे. नळाच्या पाण्याबद्दल जाब विचारण्याची जागाच त्यामुळे बंद होते, हे फ्लिंटच्या उदाहरणावरून लक्षात यावे.

चोवीस तास पाणी म्हणजे खाजगीकरण नव्हे

तिसरे उत्तर सर्वांत धूर्त आहे. ‘चोवीस तास पाणी हवे असेल तर खाजगी कंपनी आणा,’ असे सांगितले जाते आणि शेजारच्या हुबळी-धारवाडचा दाखला दिला जातो. तेथील प्रायोगिक प्रभागांत खाजगी कंपनीच्या व्यवस्थापनाखाली अखंड पुरवठा सुरू झाला, हे खरे. त्या प्रभागांची आणि बाकी शहराची तुलना करणारा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. अधूनमधून पाणी येणाऱ्या नळांच्या ३१.७ टक्के नमुन्यांत ई. कोलाय सापडला, अखंड पुरवठ्याच्या नळांत हे प्रमाण ०.७ टक्के होते. हा आकडा मान्यच करावयास हवा. पण तो कशाचा पुरावा आहे? नळात दाब राहिला तर घाण आत शिरत नाही, याचा. दाब निर्माण करणाऱ्याच्या खिशात भागभांडवल कोणाचे आहे, हे जिवाणूंना कळत नाही.

याचा पुरावा सातारा जिल्ह्यातच आहे. कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापूर या छोट्या शहरात २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणीपुरवठा सुरू झाला. योजना उभारली ती महाराष्ट्र जीवन प्राधिकरण या सरकारी संस्थेने, आणि पुढाकार होता नगरपंचायतीचा. घरोघर मीटर बसले आणि वापर वाढेल तसा दर चढत जाईल अशी टप्प्याटप्प्याची दररचना झाली. परदेशी कंपनी आली नाही. जे मलकापूरच्या नगरपंचायतीला सुचले, ते सांगलीच्या महापालिकेला आणि साताऱ्याच्या नगरपालिकेला अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी ते का अशक्य आहे, हे आकड्यांनिशी सांगावे. मोठ्या शहराची अडचण मोठी असते, जुन्या पेठांतील वाहिन्या बदलणे खर्चाचे असते, हे खरे. परंतु ती अडचण कामाचे टप्पे ठरविण्याचे कारण होऊ शकते, काम न करण्याचे नव्हे.

येथे डाव्या आणि समाजवादी चळवळीनेही स्वतःकडे वळून पाहिले पाहिजे. मीटर म्हटले की खाजगीकरण, असे समीकरण मांडून कित्येक ठिकाणी कार्यकर्त्यांनी मीटरलाच विरोध केला. मीटर नसलेल्या व्यवस्थेत फुकट पाणी कोणास मिळते? ज्याची टाकी मोठी आणि मोटार जोराची त्यास. गरिबाला पहिले काही हजार लिटर नाममात्र दराने आणि बंगल्याच्या हिरवळीला चढ्या दराने, ही दररचना मीटरशिवाय उभी राहू शकत नाही. शत्रू मीटर नाही. मीटर कोणाच्या हातात आहे आणि त्याचा दर कोण ठरवितो, हा प्रश्न आहे.

दुसरी चूक अधिक खोल आहे. या दोन जिल्ह्यांना पाण्याच्या लढ्याचा मोठा वारसा आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारची ही भूमी. खानापूर तालुक्यात लोकांनी स्वतः बळिराजा धरण उभारले. आटपाडी आणि भोवतालच्या दुष्काळी तालुक्यांत नागनाथअण्णा नायकवडी आणि डॉ. भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने समन्यायी पाणीवाटपाची मागणी उभी राहिली. मुंबईत गोरेगावच्या पाण्यासाठी झगडणाऱ्या मृणालताई गोरे यांना लोकांनीच ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिले. हे सारे लढे पाणी मिळविण्याचे होते आणि ते आवश्यकच होते. पण नळ आला, हंडा भरला, की चळवळ घरी परतली. हंड्यात काय आहे हे विचारण्याचे काम डॉक्टरांवर, अभियंत्यांवर आणि शेवटी बाटलीबंद पाण्याच्या जाहिरातींवर सोडून देण्यात आले. रिकाम्या हंड्याचा मोर्चा काढणाऱ्या पक्षाला भरलेल्या हंड्याचा मोर्चा सुचला नाही.

करावयाचे काय?

मागण्या थोड्या आणि मोजता येतील अशा असाव्यात. पहिली: रुग्णालये, लॉज, वसतिगृहे, मंगल कार्यालये, कारखाने आणि बोअर असलेल्या मोठ्या इमारती यांच्या जोडणीवर उलटप्रवाह रोखणारे साधन सक्तीचे करून त्याची दरवर्षी तपासणी व्हावी, अहवाल पालिकेच्या पाणीपुरवठा विभागात दाखल व्हावा आणि कोणाचा आला, कोणाचा नाही याची यादी जाहीर व्हावी. साधन आणि तपासणीचा भार अशा मोठ्या ग्राहकांनी सोसावा. चाळीतल्या सामायिक नळाचा भार पालिकेने सोसावा. दुसरी: प्रत्येक प्रभागातील शेवटच्या टोकाच्या नळाचा, पुरवठा सुरू झाल्यापासून पहिल्या काही मिनिटांतील नमुना ठराविक काळाने घेतला जावा, आणि ठिकाण, वेळ, क्लोरीनचे प्रमाण व जिवाणूंचा निकाल प्रभागाच्या चौकात फळ्यावर साध्या मराठीत लिहिला जावा. संगणकावर माहिती टाकली म्हणजे लोकांना दिली असे होत नाही. तिसरी: आयएस १०५०० चे पालन नळाचे पाणी पुरविणाऱ्या प्रत्येक संस्थेवर कायद्याने बंधनकारक करावे. चौथी: गटारातून जाणाऱ्या वाहिन्यांचा नकाशा प्रसिद्ध करून त्या बदलण्याचे वर्षवार वेळापत्रक अंदाजपत्रकाला जोडावे, आणि अखंड पुरवठ्याकडे सार्वजनिक मालकीतूनच टप्प्याटप्प्याने जावे.

यांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या मागणीसाठी सरकारशी झगडावे लागेल. पहिल्या दोहोंची सुरुवात मात्र उद्याही होऊ शकते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम सार्वजनिक संस्थांनी माहिती आपण होऊन जाहीर करावी असे सांगते. तपासणीच्या नोंदवह्या त्याच न्यायाने मागता येतील. क्लोरीनची ओटी चाचणी काही मिनिटांची आहे. थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले की नाही, हे पाहण्यास पदवी लागत नाही. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील दोन-चार शेवटचे नळ निवडून महिनाभर रोज ही नोंद ठेवावी. गावांत १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभांत ती वाचून दाखवावी आणि ग्रामपंचायतीच्या वहीशी ताडून पाहावी. दोन्ही नोंदी जुळल्या तर गावाचा विश्वास वाढेल. जुळल्या नाहीत तर लढ्याचा मुद्दा आयताच हाती येईल. मोटारीच्या प्रश्नावरही कार्यकर्त्यांनी आपल्या घरापासून सुरुवात करावी. ज्याच्या स्वतःच्या नळाला मोटार जोडलेली आहे, त्याला पालिकेला जाब विचारताना अडखळावेच लागेल.

तपासणीचा अहवाल हा क्षुल्लक कागद वाटतो. त्याने कोणाचे रक्त तापत नाही, त्यावर घोषणा रचता येत नाही. परंतु साथ आल्यानंतर चौकशी समिती जो कागद शोधते तो हाच असतो, आणि तो सापडला नाही म्हणून कोणीही दोषी ठरत नाही. साथ येण्यापूर्वी तो कागद मागणे, हे आजच्या घडीला पक्षाच्या शाखेला करता येण्यासारखे अत्यंत व्यवहार्य आणि अत्यंत राजकीय काम आहे. येत्या उन्हाळ्यात नळाची वेळ अर्ध्यावर येईल आणि पालिकेवर हंडामोर्चे निघतील. त्या मोर्च्यांत रिकाम्या हंड्यांबरोबर शेवटच्या नळावरून पहिल्या पाच मिनिटांत भरलेला एक हंडाही असावा. तो आयुक्तांच्या आणि मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवून एवढेच विचारावे की, याचा अहवाल कोठे आहे?